उंबऱ्यातले खिळे

प्रिय कमल,

ठक्. ठक्. मग जरासं थांबून, जसा ठोकणाऱ्याचा हात भरून यावा, पुन्हा ठक्. हा आवाज मी तुला कधी सांगितला नाही. तू तेव्हा माजघरात, टोपलीत घातलेल्या आईच्या लुगड्याच्या घड्यांवर झोपली होतीस. तुझ्याही कानावर तो पडला असेल, पण तू जगात येऊन इतका थोडा वेळ झाला होता की पाखरांच्या आवाजांतलाच तो एक. मी पडवीच्या खांबाला टेकून उभा होतो. सकाळचं कोवळं ऊन खळ्यात आलं होतं आणि आपले बाबा उकिडवे बसून उंबऱ्यात खिळे ठोकत होते. मला वाटलं, आई परत यायची आहे म्हणून बाबा दार नीट करताहेत.

फोन सोडून हा पत्र काय लिहीत बसला, असं तू म्हणशील. अगो, फोनवर तुला माझं अर्धंच ऐकू येतं आणि उरलेल्या अर्ध्याला तू "बरं, बरं" म्हणून वाटेला लावतेस. आज मला ते "बरं, बरं" नको आहे. शिवाय कागदावर माझं मन जरा सैल होतं, ही माझी जुनी खोड. शाळेत कवितेच्या तासाला गुरुजी आम्हाला चालीवर म्हणायला लावायचे, तेव्हापासूनची. सगळा वर्ग एका सुरात झुलायचा, आणि ओळीत जिथे क्षणभर थांबून श्वास घ्यायचा, नेमकं तिथे मला ते ठक् ऐकू यायचं. गुरुजी म्हणायचे, भास्कर यतीला छान थांबतो. मी थांबत नव्हतो गो, दचकत होतो. पुढे पोफळीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत नोकरीची सगळी वर्षं गेली, डोंगराच्या पोटात पाणी घुमायचं, त्याच्या घरघरीतही मी संध्याकाळी कविता पुटपुटायचो, आणि थांब्यावर तेच. ठक्.

आता इकडची बातमी. सलिलची लेक स्वानंदी महिनाभरासाठी इथे अंजनवेलला आली आहे. तिचं काम म्हणे कुठेही बसून होतं, म्हणून पडवीतल्या झोपाळ्यावर लॅपटॉप घेऊन बसते. येताना तिने एक मोठं खोकं आणलं. त्यात एक जाडजूड सचित्र भूतकोश, अगदी अकारविल्हे लावलेला, त्याच्या जोडीला चकचकीत पत्ते, आणि बोटभर उंचीच्या रंगवलेल्या मूर्ती. वेताळ, मुंजा, गिऱ्हा, चकवा, समंध. पत्त्याच्या एका अंगाला भुताचं चित्र, दुसऱ्या अंगाला त्याचं ठिकाण, ताकद आणि कमजोरी. लोक हे पत्ते जमवतात, अदलाबदल करतात, एकाच्या मुंजाने दुसऱ्याच्या चकव्याला हरवतात. दुर्मिळ पत्त्याला सोनेरी कड. चांगली कमावती माणसं त्या मूर्ती काचेच्या कपाटात मांडून ठेवतात, खाली दिवा लावून. तुला हसू येईल. ज्यांचं नाव तिन्हीसांजेला काढलं तर शेजारची गंगुबाई माझ्या तोंडावर पालथा हात ठेवायची, ते सगळे आता कपाटात राहायला गेले.

खोटं कशाला सांगू, मला मजा आली. स्वानंदी एकेक पत्ता पुढे करायची आणि म्हणायची, "आजोबा, तुम्ही आमचे तज्ज्ञ. हे बरोबर आहे का सांगा." देवचाराला त्यांनी शिंगं काढली होती. मी म्हटलं, अगो, हा तर आपला राखणदार, ह्याच्या हातात काठी, पायात करकरत्या वहाणा. रानात वाट चुकलेल्याला हा गावच्या वेशीपर्यंत आणून सोडतो, त्याला शिंगं कशाला? ती म्हणाली, "मग ताकद किती देऊ? दहापैकी?" मी म्हटलं, मार्क देऊ नकोस, रागावेल. "तुम्ही घाबरता काय अजून?" म्हणून तिने मला चिडवलं. दुपारचा चहा होईतो आमची ही परीक्षा चालायची. मग एके दिवशी तिने सोनेरी कडेचा पत्ता काढला. म्हणाली, हा पूर्ण संचात सगळ्यांत दुर्मिळ, मला मिळाला तेव्हा मी ऑफिसात ओरडले होते.

अलवंतीण.

चित्रात मोकळे केस, पांढरे डोळे, रक्ताने माखलेला पदर, उलटी पावलं. मागे छापलं होतं, बाळंतपणात मेलेली बाई. बाळाच्या ओढीने घरी परत येते. धोका, अति. कमजोरी, स्मशानापासून घरापर्यंतच्या वाटेवर राळे पेरावेत आणि उंबऱ्यात खिळे ठोकावेत. राळ्याचा दाणा न् दाणा वेचल्याशिवाय तिला पुढे सरकता येत नाही आणि उजाडलं की परतावं लागतं. स्वानंदी हसत होती. "बघा ना आजोबा, एवढी भयंकर बया, आणि कमजोरी काय, तर खिळे! हार्डवेअरच्या दुकानात मिळतात!" तिचे पाय त्याच उंबऱ्यावर टेकलेले होते, कमल. तिला माहीत नव्हतं. घरात कुणालाच नव्हतं. सलिलने लहानपणी एकदा विचारलं होतं, इथे खिळ्यांची डोकी का दिसतात. लाकूड फुगू नये म्हणून, असं मी सांगितलं. सूनबाई सणाला त्यांच्याभोवतीच रांगोळी घालते. बाबांनी घर नवं बांधलं, कौलं गेली, वर स्लॅब आला, पण दाराची चौकट जुनीच ठेवली. का ठेवली, हे मी त्यांना विचारलं नाही आणि ते बोलले नाहीत.

खिळ्यांचं मामीने तुला सांगितलं, पण राळ्यांचं सांगितलं नसेल, कारण तिला ते माहीत नव्हतं. आईला नेलं त्या वाटेवर, पाणंदीतून दगडी गडग्याच्या कडेकडेने, पिवळे बारीक दाणे पडलेले होते. मी गंगुबाईला विचारलं, हे कुणी सांडले? ती म्हणाली, "सांडले नाहीत रे बाबा, पेरले. तुझ्या आईला आता हे वेचत बसावं लागेल." तिने ते मला गप्प करायला सांगितलं असेल. माझ्या डोक्यात भलतंच शिरलं. आईला वाकायचं किती कठीण झालं होतं हे मी पाहिलं होतं. तू पोटात होतीस तेव्हा तिचा हात खाली पोचत नसे, पडलेली सुपारीसुद्धा मीच उचलून द्यायचो. म्हणून मी वेचायला बसलो. चड्डीचे दोन्ही खिसे भरले, मग टोपी भरली. जांभ्याच्या भेगांत गेलेले दाणे काही निघेनात, बोटांची नखं लाल झाली. गंगुबाईने मला तिथे पाहिलं, आणि अशी किंचाळली की आंब्यावरचे कावळे उडाले. माझ्या खिशांतले दाणे तिने पुन्हा वाटेवर उधळले आणि मला काखोटीला मारून घरी आणलं. बाबांना तिने काय सांगितलं ठाऊक नाही. त्यांनी मला मारलं नाही. त्यांचा अंगठा हातोडी लागून काळा पडला होता, तेवढा आठवतो.

मग मामी तुला घेऊन गेली. दाभोळच्या बाजूला जाणारी होडी, मामीच्या मांडीवर तू, आणि धक्क्यावर मी. पुढचं तुलाच जास्त ठाऊक. तू केळशीची झालीस, लग्नही तिथल्याच वाडीतलं. लग्नानंतर माहेरी ये म्हणून बाबा स्वतः न्यायला आले होते, तेव्हा तू मामीच्या मागे उभी राहून म्हणालीस, "आईला ज्या दारातून आत यायची बंदी केलीत, त्या दारातून मी कशी येऊ?" बाबा पाणीसुद्धा न घेता परत फिरले. मी तेव्हाही तुला दोष दिला नाही. भाऊबीजेला भावाने बहिणीकडे जायचं, ही रीत आपल्याला फार सोयीची पडली बघ. दरवर्षी मी तुझ्याकडे यायचो, तू ओवाळायचीस, फणसपोळी बांधून द्यायचीस, आणि तू इकडे का येत नाहीस हे कुणाला विचारावंसंच वाटलं नाही. तूही म्हातारी झालीस आणि मीही.

त्या पत्त्याने मला काय केलं ते आता सांगतो. आईचा चेहरा मला आठवत नाही. फोटो नव्हता. केसांतल्या सुरंगीच्या वळेसराचा वास आठवतो, मला उचलून घेताना बांगड्या वर सरकायच्या तो आवाज आठवतो, चेहऱ्याच्या जागी मात्र नुसता उजेड. शाळेत आईवरच्या कविता मी तोंडपाठ केल्या, त्या उजेडाकडे बघूनच. त्या रिकामेपणाची मला सवय होती, त्याचा आधारही होता म्हण ना. तो पत्ता पाहिल्यापासून मी डोळे मिटले की त्या जागी ते पांढऱ्या डोळ्यांचं चित्र येतं. सोनेरी कडेसकट. मी हाकलतो, जात नाही. कवितेची ओळ म्हणावी तर "आई" या शब्दावर तेच तोंड समोर. दुपारी जरा पडलो की ती उंबऱ्याबाहेर उभी असते, काही करत नाही, खिळ्यांकडे बघत असते. ह्या वयात मला माझ्या आईची भीती वाटायला लागली, कमल. ह्याहून वाईट काय असेल सांग.

शेवटी स्वानंदीला सगळं सांगितलं. तिने पत्ता उलटा करून पुन्हा वाचला आणि म्हणाली, "बाळाच्या ओढीने येते, आणि पुढे धोका, अति. हे कुणी लिहिलं असेल?" काल तिनेच रावजी सुताराला बोलावलं. रावजीने खिळे पाहिले आणि पान थुंकून आला. "तात्या, हे कसले ते मला कळतं हो. काढायचे? नक्की?" मी म्हटलं, काढ. "मागनं माझ्या नावाने ओरडू नका मग. देवीला नारळ ठेवा आधी." नारळ ठेवला. लाकडाने ते इतके धरून ठेवले होते की पक्कड घसरायची. एकेक खिळा कुरकुरत वर आला, गंजून बारीक झालेला. ठोकण्याचा तो आवाज मी जन्मभर ऐकला, उपसण्याचा काल पहिल्यांदा ऐकला. आता उंबऱ्यात नुसती भोकं आहेत. रावजी म्हणाला लांबी भरू का, मी नको म्हटलं.

आणि हे पत्र त्यासाठी. गंगुबाई जाण्यापूर्वी तिची शुद्ध गेली होती, तरी तू केळशीहून तिला भेटायला दवाखान्यात आलीस तेव्हा तिने तुझं तोंड चाचपून आईचंच नाव घेतलं होतं. मी शेजारीच होतो. तेव्हापासून मला ठाऊक आहे की तो चेहरा कुणाकडे आहे. तो मी दरवर्षी निरांजनाच्या उजेडात बघतो, पण तुझ्या घरात. मला तो ह्या दारात बघायचा आहे. ह्या उंबऱ्यावरून आत येताना, एकदाच. म्हणजे ते चित्र जाईल. तू ये. आईसाठी ये, माझ्यासाठी नको हवं तर. स्वानंदी तुला न्यायला येईल, हे पत्र तुला पोचलं आणि तू हो म्हणालीस की. आज ती सकाळीच गाडी घेऊन फेरीबोटीने पलीकडे दाभोळच्या बाजूला गेली आहे. कशाला म्हणून विचारलं, तर म्हणाली, "संचातला एक पत्ता कमी आहे आजोबा, तो आणायला." तिचं हे पत्त्यांचं वेड काही

थांब. खळ्यात कोणीतरी आलंय. गाडीचा आवाज मला कसा ऐकू आला नाही? दारात बाई उभी आहे. ऊन पाठीमागून, त्यामुळे चेहरा काळोखात. हाक मारत नाही. मी आधी तिच्या पायांकडे बघितलं, लाज वाटते सांगायला, पण बघितलं. सरळ आहेत. लाल धुळीने भरलेले, थकलेले, सरळ. ती वाकून उंबऱ्यातल्या भोकांवरून बोट फिरवते आहे, एकेक करून, जसं काही वेचावं तसं. वाकताना तिला त्रास होतोय. मी उठायला हवं.

पत्र तर अजून माझ्या हातातच आहे, कमल. आणि तिने पाऊल उचललं.

तुझाच,
दादा