शेवटच्या सीटपर्यंत

४ सप्टेंबर, गुरुवार

सासूबाईंनी सकाळी सहालाच पडदा सरकवला. "ऊठ. तळ्यावर जायचंय." मला नाही यायचं, म्हटलं. "तुला विचारलं कुठे?" — गेले मुकाट्याने! केससुद्धा विंचरले नव्हते. दोघी बाकावर बसलो. अर्धा तास नुसतं पाणी बघायचं. पाणी काय, घरी नळाला येतं!

डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणे — गोळ्या घ्यायच्याच, शिवाय रोज तासभर झाडापाण्यात घालवायचा. सासूबाई त्या चिठ्ठीतलं अक्षर सोडत नाहीत.

५ सप्टेंबर

गेलो. डास चावले.

८ सप्टेंबर, सोमवार

एकदा लिहूनच टाकते. दीड महिना टाळतेय.

अकरा वर्षं शाळेची बस चालवली. मुलं शाळेत उतरली की गाडी आवारात लावायची. मग एकेका सीटवर नजर टाकत शेवटपर्यंत चालत जायचं आणि मागच्या काचेत 'गाडी रिकामी' ही पाटी लावायची. चालत जावंच लागावं, म्हणूनच पाटी मागे! त्या दिवशी मदतनीस ताई रजेवर होती. माझं डोकं ठणकत होतं. मी खाली उतरले, मागचं दार बाहेरून उघडलं, हात आत घालून पाटी लावली आणि घरी आले.

पहिलीतली, दोन वेण्यांची, मागून तिसऱ्या सीटवर आडवी झोपली होती. चाळीस मिनिटं! गाड्या धुणाऱ्या काकांना काच वाजलेली ऐकू आली. घामाने चिंब झाली होती, पण सुखरूप. सगळे मला तेच सांगतात — पोरगी सुखरूप आहे ना, मग झालं तर! पण मला रोज ती काच वाजलेली ऐकू येते. मी तर तिथे नव्हतेसुद्धा.

आता घरातल्या रिकाम्या खोल्या तीन-तीनदा बघते. पलंगाखाली वाकून बघते. नवरा माझ्या मागून एकेक दिवा बंद करत येतो.

चौकशी झाली, लेखी ताकीद मिळाली. गाड्या बघणारे साहेब म्हणाले, चाव्या ठेवून दिल्यात, वीस तारखेपर्यंत सांगा — येताय की सोडताय. राजीनामा लिहून तयार आहे. फक्त तारीख घालायची राहिलीय. गाडी सोडून मला दुसरं काही येत नाही, आणि रस्त्यावर बसचा नुसता हॉर्न ऐकला तरी खिडकी लावून घेते.

११ सप्टेंबर

तळ्यात टिबुकली आहे. नाव गळ टाकून बसणाऱ्या आजोबांनी सांगितलं. बदकापेक्षा पुष्कळ लहान, आणि सारखी बुडी मारते. चार पिल्लं आहेत, डोक्यावर पट्टे पट्टे. ती बुडाली की मी श्वास धरते, वर आली की सोडते.

"अगं, तू पण बुडी मारतेस की काय?" सासूबाई.

घरी आल्यावर लक्षात आलं — तासभर काच वाजली नव्हती. आणि लगेच मनाला लागलं. विसरूच कशी शकते मी?

१२ सप्टेंबर

चार.

१३ सप्टेंबर

चार. पाचदा मोजली. "हजेरी घेतेस का त्यांची?" म्हणून सासूबाई हसल्या. मग माझा हात धरून बसल्या, बराच वेळ. त्यांचे तळवे इतके खरखरीत आहेत! चौदा वर्षं एका घरात राहून मला माहीत नव्हतं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

तीन!! पुन्हा मोजली. तीनच. मला काही सुचेना. चप्पल घालूनच चिखलात उतरले. गुडघाभर पाण्यात उभी राहून लव्हाळ्यात हात घालून शोधतेय, सासूबाई काठावरून ओरडतायत, "अगं, वर ये, पडशील!" तेवढ्यात आजोबा शांतपणे म्हणाले, "बाई, आईच्या पाठीवर बघा."

पंखातून इवलंसं डोकं बाहेर आलेलं! स्वारी आरामात बसली होती.

मी हसायला लागले. हसता हसता रडायलाच लागले, पाण्यात उभी राहून, मोठ्याने. आजोबांनी तोंड दुसरीकडे वळवलं. सासूबाई गुडघे कुरकुरत असताना काठापर्यंत खाली आल्या आणि पदराने माझं तोंड पुसलं — मी तीन वर्षांची असल्यासारखं! एक चप्पल चिखलातच राहिली. अनवाणी घरी आले. पायांना माती लागत होती, बरं वाटत होतं. खरंच बरं वाटत होतं.

१७ सप्टेंबर

सलग सहा तास झोपले! डॉक्टरीणबाई खूश. "गोळी अर्धी करू. तळं मात्र पूर्ण ठेवा."

येताना म्हटलं, "आई, तुमचे गुडघे दुखतात. माझ्यासाठी कशाला येता रोज?"

"तुझ्यासाठी कोण येतंय? तू पडदे ओढून बसतेस, मला गुदमरतं घरात."

म्हणून मला हात धरून नेतात होय!

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आधी तळ्यावर बसले, एकटीच. मग तिथूनच थेट आवारात. साहेब शेजारी बसले, रिकामी गाडी फिरवली. पहिल्याच वळणावर कडेला घेतली. रस्त्यालगत मोठं झाड होतं, त्याची पानं हलताना बघत राहिले, श्वास जागेवर येईपर्यंत. साहेबांनी घाई केली नाही. मग पुन्हा निघाले.

परत आल्यावर मागपर्यंत चालत गेले. पाटी लावली. सोमवारपासून येते, म्हटलं.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणतो, "आता दिवे कोण बंद करणार?" मेला!

२२ सप्टेंबर, सोमवार

दोन वेण्यांची आज पहिल्याच सीटवर, ताठ बसलेली. डोळे मिटायला लागले की स्वतःला चिमटा काढायची. आरशात दिसत होतं. सिग्नलला विचारलं, "काय गं?"

"मावशी, मी आता बसमध्ये कधीच झोपत नाही. मी झोपले म्हणून तुम्हाला काढलं ना?"

देवा! मी नुसती माझंच दुःख कुरवाळत बसले होते.

"चूक माझी होती, सोन्या. तुझी नाही. तू झोप. मी येते शेवटपर्यंत बघायला."

शाळेच्या फाटकाशी तिला उठवावं लागलं.