वीतभर नमुना

पांढुर्णा, १० नोव्हेंबर २०२४

ती. आईस,
उर्वशीचा सा. न. वि. वि.

फोन बाबांच्या खिशात असतो म्हणून पत्र. त्यांच्यासाठी स्वेटर विणायचं ठरवलं आहे. राखाडी लोकर आणली, पण टाके अजून घातले नाहीत. तू शिकवलंस तसा आधी वीतभर नमुना विणला, तो सोबत पाठवून राहिली. वितीत बत्तीस टाके बसले. बरोबर आहे का, ते पाहून सांग. आणि बाबांच्या छातीचं माप कळव, कशाला ते त्यांना सांगू नकोस.

पहाटेच्या थंडीत ते अजून संत्र्याच्या बगीच्यात झाडांना ओलित करायला जातात का? मी हर्षलशी लग्न केल्यापासून दोन वर्षं ते माझ्याशी बोलले नाहीत. आपल्या सौंसरची बस घरासमोरून जाते, आई. मी तिची पाटी वाचत उभी राहते.

आहे तो लोभ सांभाळून ठेव.
तुझी उर्वशी

सौंसर, १७ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. उर्वशीस अनेक आशीर्वाद.

काय वं, विणला अन् लगेच मोजला? धुतल्यावर लोकर सैल होते, किती वेळा सांगितलं तुले! मी नमुना धुतला, सावलीत वाळवला, मग मोजला. वितीत तीसच टाके भरले. त्या हिशेबानं घाल, नाही तर बाबाच्या स्वेटरात हर्षलरावही मावतील. छातीचं माप चाळीस, जुन्या सदऱ्यावरून घेतलं.

मोजून नमुना पुन्हा दोरीवर टाकला तं बाबांनी पाहिला. कोणाचा म्हणून विचारलं. मी तुझं नाव घेतलं. संध्याकाळी पाहते तं दोरीवर नमुना नव्हता. संत्र्याचा तोडा निघून राहिला, अन् बाबांच्या देखत तुझ्यासाठी एक फळ ठेवता येत नाही मले. लय आठवण येते.

माया आहेच, ती कुठं जाते?
तुझी आई कुसुम

सौंसर, २१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. उर्वशीस आशीर्वाद.

नमुना माझ्याजवळ आहे. पत्ता तुझ्या पाकिटावरून घेतला.

तुझ्या आईला माझा जुना सदरा मोजताना मी पाहिलं, ते माप चुकीचं आहे. उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला, तेव्हापासून तो सदरा ढगळ होतो. तुला कळवायचं नाही, असं मीच तिला बजावलं होतं. त्या मापानं टाके घालू नकोस, सारं उसवावं लागेल.

खरं माप मी पत्रात लिहिणार नाही. टेप घेऊन ये आणि तूच घे. हर्षलरावांनाही आण, टोपल्या उचलायला माणूस लागेल. विहिरीजवळच्या झाडाचा संत्रा दोन वर्षं मी कोणाला तोडू दिला नाही.

तुझे बाबा