दोष आढळला का?

ओसाका
१६ ऑक्टोबर २००५

प्रिय तेत्सुओदादा,

पत्रात आधी हवापाण्याची ओळ लिहायची असं बाबांनी शिकवलंय, म्हणून लिहिते. अंगणातली संत्री अजून हिरवी आहेत, दात आंबतात, तरी आई रोज एक खातेच. तू बरा असशील. झोपतोस का रे? तुमच्या कंपनीचं ते नवं व्हिडिओ गेमचं यंत्र इतकं तापतं म्हणे, की नववर्षाला त्याच्यावर मोचीचे तांदूळगोळे भाजून घ्यावेत. असं आमच्या ऑफिसात म्हणतात, मी नाही. बरं, मीही म्हणते. बाबांच्या वर्षश्राद्धाला चारचौघांत तू आमच्या यंत्राच्या हातात धरायच्या काठीला झाडू म्हणालास, त्याची फेड अजून बाकी आहे.

दोन वर्षं झाली त्याला. "लोकांना चित्र हवंय, कायोको. खेळाडूच्या कपाळावरचा घाम दिसला पाहिजे, आणि त्याला ताकदवान चिप लागते. तुम्ही बसा झाडू फिरवत!" हे तुझे शब्द. आणि मी म्हणाले होते, "तुझ्या यंत्रापुढे आपली आई कधी बसेल का?" मग तू बूट घातलेस आणि टोकियोची गाडी पकडलीस.

तर कळवायचं म्हणजे, आई बसली. बसली कसली, उभी राहिली! आमची काठी हातात धरून शेजारच्या नोझोएकाकूंशी टेनिस खेळते. बटणं पाठ करायला नकोत, हात फिरवला की पडद्यावरची रॅकेट फिरते. अडुसष्टाव्या वर्षी बाईसाहेब मला सांगतात, "तुझा बॅकहँड कच्चा आहे गं." तू असतास तर हसून लोळला असतास.

शिराहामा कंपनीत आता चाचणीचं काम माझ्याकडे आहे. दोनशे बारा घरांत महिनाभर काठ्या दिल्या होत्या. शेवटी एक साधा फॉर्म, त्यात मुख्य प्रश्न एकच: दोष आढळला का? दोनशे बाराही घरांनी लिहिलं, नाही. आमचे विभागप्रमुख कुसाकाबेसाहेब म्हणाले, "तीस वर्षांत असा कागद पाहिला नाही." मी त्यावर शिक्का मारला, साहेबांच्या शिक्क्याच्या बाजूला जरासा झुकवून, म्हणजे वाकून नमस्कार केल्यासारखा. तूही तुझ्याकडे तसाच मारत असशील. पंचवीस नोव्हेंबरला यंत्र दुकानांत येतंय.

बाकी ठीक. आईला डोळ्यापाशी थोडं लागलंय. कपाटाचं दार. डॉक्टरांनी थेंब दिलेत, काळजी नको. नोझोएकाकू रोज मिठाईचा डबा आणतात, दारातच चार-चारदा वाकतात आणि आत न येताच जातात.

एक विचारायचं होतं, सहजच. तुमच्याकडे चाचणीला आलेली माणसं दोष निघाला तर सांगतात का रे?

तुझी धाकटी बहीण,
कायोको

ता. क. सहज विचारलंय म्हणून उत्तराला उशीर लावू नकोस.


ओसाका
२४ ऑक्टोबर

दादा,

आज हवापाणी नाही. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. कपाटाचा काही संबंध नाही.

त्या दिवशी मी पाच वाजता घरी आले तर आई डोळ्यावर ओला रुमाल धरून बसलेली आणि नोझोएकाकू चटईवर कपाळ टेकून. आई म्हणाली, "कपाटाचं दार लागलं." काकू म्हणाल्या, "हो हो, दारच." आणि माझ्या पायाखाली आमची काठी होती. तिची मनगटाची दोरी तुटलेली. काकूंनी जोरात फटका मारला, दोरी तटकन तुटली आणि काठी सुटली, ती थेट आईच्या उजव्या डोळ्यावर. मला हे कुणी सांगावं लागलं नाही. दोरीचं तुटकं टोक बघितलं आणि पाचावर धारण बसली.

तरी मी गप्प बसले. डॉक्टरांकडे मीच घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "कशाने लागलं?" आई म्हणाली, "दार." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दादा, मी मान हलवली. मनात फक्त पंचवीस तारीख होती. दार हळूच लागलं असेल असं समजून त्यांनी थेंब दिले आणि घरी पाठवलं.

काल आई म्हणाली, "उजवीकडून काळा पडदा सरकतोय गं." मोठ्या रुग्णालयात नेलं. डोळ्याच्या आतला पडदा फाटलाय. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढ्या वेगाने काही लागलं होतं हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर तेव्हाच आत पाहिलं असतं." परवा शस्त्रक्रिया आहे. दिसेल की नाही, सांगता येत नाही म्हणतात.

मी आईला विचारलं, "का सांगितलं नाहीस?" तर म्हणते, "नोझोएबाई बिचाऱ्या रोज माफी मागतायत. यंत्रात दोष नव्हता, आम्हीच जोरात खेळलो. शिवाय तुझं नाव खराब झालं असतं ना."

आम्हीच जोरात खेळलो. हे वाक्य मी आधी वाचलं होतं, आणि कुठे ते रात्री आठवलं. सकाळी ऑफिसात जाऊन परत आलेल्या काठ्यांची खोकी उघडली. दोनशे बारांपैकी एकोणीस दोऱ्यांना गाठ मारलेली, इतकी नीटस की निरखून बघितल्याशिवाय कळू नये. एकीने तर किमोनोच्या पट्ट्याची रेशमी दोरी शिवून रंग जुळवून दिला होता. आणि फॉर्मवर, दोष आढळला का? नाही.

सोबत चिठ्ठ्या होत्या. "आम्हीच जोरात खेळलो, आमच्या हलगर्जीपणामुळे आपली वस्तू तुटली, क्षमा असावी." चिठ्ठ्यांबरोबर मिठाईचे डबे आले होते, आणि ते आम्ही दुपारी तीनच्या चहाला वाटून खाल्ले. चेस्टनटचे लाडू फार चांगले होते. चिठ्ठ्या मी 'आभार' लिहिलेल्या फाइलीत लावल्या. माफी कसली मागतायत, हे आमच्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही. मलासुद्धा नाही, जिच्या नावावर ते काम आहे!

आता मला भीती वाटतेय, दादा, अगदी खरीखुरी. जेवण जात नाही. लाखो काठ्या गोदामात भरून तयार आहेत आणि प्रत्येकीला तीच दोरी आहे. लहान मुलं असतील, आज्या असतील, समोर कुणीतरी उभं असेलच. सांगितलं तर नववर्षाची विक्री हातची गेली, बाजार तुमचा झाला, कुसाकाबेसाहेब घरी बसले आणि त्यांच्या मागे आमचा अख्खा विभाग. नाही सांगितलं तर पंचवीस तारखेनंतर फोन वाजला की माझा जीव जाईल.

हे मी तुला लिहितेय, आमच्या सगळ्यात मोठ्या शत्रूच्या घरी. हे पत्र तुझ्या साहेबांच्या टेबलावर ठेवलंस तर आम्ही संपलो. तरीही लिहिलं, कारण दुसरं कुणी नाही रे मला.

काय करू ते सांग.

कायोको


ओसाका
१ नोव्हेंबर

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, आणि त्यांत झाडू हा शब्द कुठेच नव्हता. तेव्हाच समजले की जे झालंय ते खरंच वाईट आहे. "पत्र जाळलं. मी कुणाला काही सांगणार नाही. पण तू सांग." एवढंच लिहिलंस, आणि खाली, "आमच्याकडेही लोक दोष सांगत नाहीत. मीही कधी विचारलं नव्हतं." ती शेवटची ओळ मी कितीदा वाचली, सांगू नये.

आज सकाळी कुसाकाबेसाहेबांपुढे 'आभार'ची फाइल ठेवली, तिच्यावर एकोणीस दोऱ्या आणि सगळ्यांत वर आपल्या घरची तुटकी. पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. साहेबांनी एकेक चिठ्ठी वाचली. मग विचारलं, "ही मिठाई कुणी खाल्ली?"

"आपण सगळ्यांनी, साहेब."

"मी किती खाल्ले होते?"

"तीन लाडू."

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "कागद आणा." गोदामातून माल काढू नये, दोरी बदलेपर्यंत यंत्र बाजारात नेऊ नये, असा अर्ज मी लिहिला. शिक्का मारताना सवयीने हात झुकवला, तर साहेब म्हणाले, "आज सरळ मारा, मोतोयामाबाई. कुणापुढे वाकायचं ते आपण दोघं उद्या वर जाऊन बघू." त्यांनीही बाजूला आपला मारला.

उद्या दहा वाजता संचालकांनी वरच्या मजल्यावर बोलावलंय. अर्ज फाडतील, की मला घालवतील, की ऐकतील, काही कळत नाही.  

आईची शस्त्रक्रिया झाली. उजव्या डोळ्याला उजेड कळतो, माणूस कळत नाही. यापुढे सुधारेल असं कुणी म्हणत नाही, आणि मीही विचारायचं सोडलंय. मी तिच्या पाया पडून रडले. ती म्हणाली, "रडायचं नंतर, आधी चष्मा दे आणि तुमचा तो फॉर्म दे." मी म्हटलं, "आई, तू त्या दोनशे बारांत नव्हतीस." म्हणाली, "मग दोनशे तेरावी धर. नोझोएबाईंनाही बोलवून घे, त्यांची सही लागेल." त्या दिवसानंतर काकू पहिल्यांदाच घरात आल्या. दोघी टेबलाशी बसल्या. आईने एका डोळ्याने, नाक कागदाला टेकवून, प्रश्नापुढे लिहिलं: होय. ओळ तिरकी गेलीय, अक्षर मोठं आलंय. काकूंनी खाली सही केली, आणि या वेळी माफी मागितली नाही.

तोच कागद उद्या मी वर घेऊन जाणार आहे.

रविवारी घरी ये. आईला सांगू नकोस की मी बोलावलं. आणि आलास की तिच्या डाव्या बाजूला बस, म्हणजे तिला दिसशील.

भ्यालेली, तरी उद्या दहाला जाणारी,
तुझी झाडूवाली
कायोको