भिंतीतल्या दोन खुंट्या

१२ मार्च, बुधवार

चि. धाकट्यास ताईचे भरभरून आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जिने चढू नकोस म्हटलं की मुद्दाम चढतोस, ठाऊक आहे मला. बायकोचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, नणंद विचारते तेव्हा नुसतं ‘बरं आहे’ म्हणून सुटायचं नाही. आणि छोटीचे पुढचे दात आले का? मी ठणठणीत.

तुझं पत्र मिळालं. किमान वेतन वाढलं, तुमच्या मोर्चांना यश आलं, वाचून ऊर भरून आला. चादरींवरचे शिक्के वाचत अक्षरओळख झालेली मी, पण ‘वेतन’ हा शब्द अजिबात न अडखळता वाचला. समोरच्या बेकरीत सगळ्यांचे पगार वाढले, काढलं कुणालाच नाही. भट्टीवाला म्हणतो, “आता मी इथून हलत नाही.” तेव्हा तुमचं चुकलं असं कुणी म्हणू नये.

नव्या पगारातून पहिलं काय घेतलंस, असं विचारलंस. सांगते. इथे हल्ली ऊन छान पडतं, कपडे पटकन वाळतात.

आमच्या धुलाईखान्याचं जरा निराळं झालं. हॉस्पिटलच्या चादरींचा दर वर्षभरासाठी बांधलेला, तो काही वाढला नाही. मालकाने मला आणि ठेंगीला बोलावलं. ठेंगी म्हणजे माझी घडीची जोडीदारीण. दोन टोकं तिची, दोन माझी. एक झटका, एक पाऊल पुढे, टोकाला टोक.

मालक म्हणाला, “नव्या पगाराने दोघी मला झेपत नाहीत. एकीनेच घड्या घालायच्या.”

“चादर काय एकटीने घडी होते?” ठेंगी फिस्कारली.

त्याने भिंतीकडे बोट केलं. चादरीची दोन टोकं अडकवायला दोन खुंट्या आधीच ठोकून ठेवल्या होत्या.

“अर्धी अर्धी पाळी करू गं, मोठे,” ठेंगी म्हणाली.

“अर्ध्यात तुझं घरभाडं तरी निघेल का?”

मग मीच अ‍ॅप्रन काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला. मालक म्हणाला, “भावाला कळवा, मोर्चा जिंकला म्हणून.”

हे लिहिणार नव्हते. पण दुसऱ्या कुणाकडून कळलं असतं तर तू आतल्या आत झुरत बसला असतास. नवा पगार माझ्या हातात आलाच नाही रे. घेणार काय? कामाला विचारायला जाते, तर माझे पांढरे केस बघून ‘कळवतो’ म्हणतात.

तू मागे हटू नकोस. ठेंगीचं भाडं आता वेळेवर जातं, ते तुमच्यामुळेच. पण पुढच्या सभेत बोलशील तेव्हा त्या खुंट्यांबद्दलही बोल.

काल ठेंगी आली होती. खांदे भरून आलेत तिचे. पिशवीत घरची धुतलेली चादर, तशीच चुरगळलेली. “मोठे, धर जरा,” म्हणाली. दारातच आम्ही ती झटकली. टोकाला टोक लावायला जवळ आली आणि चादर सोडेचना.

उत्तर लवकर लिही. रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

एकटीने घडी घालायला अजून न शिकलेली,
तुझी ताई