डेल्मीराला पोचवायला

१२ नोव्हेंबर
प्लॅन पक्का. उद्या सान्तियागोहून निघायचं, पायी, थेट समुद्राकाठच्या तेइशिदोला, सान आन्द्रेसच्या चर्चच्या दारात. अख्ख्या युरोपातून लोक चालत येऊन आमच्या गावात यात्रा संपवतात. मी इथून सुरू करणार. रोज पंचवीस किलोमीटर. आठवड्यात काम फत्ते.

माझा यावर विश्वास नाही, हे आधीच लिहून ठेवतो. विजेच्या खात्यात जन्म गेला. पण डेल्मीरा तेइशिदो न करताच वारली. जिवंतपणी राहिलं तर मेल्यावर तरी जावंच लागतं, तेही सरडा नाहीतर बेडूक होऊन, असं आमच्याकडे मानतात. मेव्हणी ओर्तेन्सिया वर्षभर कानीकपाळी ओरडतेय, की भावजी, माझी बहीण चिखलात सरपटत असेल आणि तुम्ही पेपर वाचत बसलाय! तिचं तोंड बंद करायला जातोय. बाकी काही नाही.

१३ नोव्हेंबर, सकाळी
रिवाजाप्रमाणे दफनभूमीत जाऊन मोठ्याने म्हटलं, डेल्मीरा, चल, सान आन्द्रेसला निघालोय. शेजारी फुलं ठेवणाऱ्या बाईने मानसुद्धा वर केली नाही. ओर्तेन्सियाने नियम पढवले. वाटेत तिच्याशी बोलत राहा. कशातही चढताना-उतरताना तिला सांगा. किड्यामुंगीवर पाय देऊ नका. आणि पोचलात की तिला तिथेच ठेवून या. शेवटचा नियम दोनदा सांगितला. मी काय बहिरा आहे?

संध्याकाळी
सिगेइरो. रस्त्यावरचे बाण सगळे सान्तियागोकडे, मी उलटा. भेटेल तो यात्रेकरू सांगतो, आजोबा, चुकलात, कॅथीड्रल मागे राहिलं. एका जर्मन पोरीने तर खांद्याला धरून वळवलं. तिचं मन मोडू नये म्हणून थोडा मागे चाललो. डेल्मीरा हसली. म्हणजे, हसली असती.

१५ नोव्हेंबर
ब्रुमा. गुडघा दुखतोय. रेस्ट. खानावळीत दोन कॉफी मागवल्या. मालकीण फेलिसा म्हणाली, कुठवर? तेइशिदो म्हटलं. तिने दुसरा कप समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला आणि विचारलं, बाईंना साखर किती? दोन चमचे, म्हटलं. शेवटी तो मीच प्यालो. गोडमिट्ट.

१७ नोव्हेंबर
अजून ब्रुमाच. गुडघा बरा आहे, पण पाऊस. ओर्तेन्सियाचा फोन. म्हणे, भावजी, गोगलगाय तुमच्या आधी पोचेल! म्हटलं, तब्येतीला जपायला नको? उद्या तीस किलोमीटर, शपथ. फेलिसाही खवचटच. म्हणते, दुखऱ्या गुडघ्याचे पुष्कळ पाहिलेत मी, गुडघा नसतो दुखत, पोचायची भीती असते. मी कशाला भिऊ? तिला ठेवायचं, परत यायचं. सोपं तर आहे.

२० नोव्हेंबर
बेतान्सोस. इथल्या ऑम्लेटवरून डेल्मीराशी भांडण. ती बोलत नाही, पण तिच्या न बोलण्यातलं मला सगळं कळतं. मी इथलं चांगलं म्हणालो, तिचं काही म्हणालो नाही. पुढे सगळ्या रस्त्याने डाव्या अंगाला गार लागत होतं. वारा उजवीकडून होता.

२२ नोव्हेंबर
भयंकर. मिन्योला पाऊस धो धो. बस आली, चढलो. (गुडघ्यासाठी. हे चालण्यातच धरायचं.) दोन थांबे गेल्यावर लक्षात आलं, डावीकडे गार लागत नाहीये. तिला चढ म्हणालोच नव्हतो!

ओरडलो, थांबवा, बायको मागे राहिली! ड्रायव्हरने आरशात बघून विचारलं, कुठे निघालात? तेइशिदो म्हटलं. त्याने भर रस्त्यात बस थांबवली. म्हणाला, पळा काका, अशा माणसाला ताटकळत ठेवू नये.

चिखल तुडवत मागे. थांब्याच्या बाकावर एक बेडूक. टोपी काढून समोर उभा राहिलो. माफी वगैरे नाही, नुसतं समजावलं, की दार पटकन लागलं, तो ड्रायव्हरच घायकुत्या. बराच वेळ बोललो. मग बेडकाने डबक्यात उडी मारली आणि माझा डावा कान गार पडला. ती शेजारीच उभी होती, मी तुला बेडूक वाटले का, अशी. पोन्तेदेउमेपर्यंत रुसलेली. इतकं बरं मला ती गेल्यापासून वाटलं नव्हतं.

२८ नोव्हेंबर
सेदेइरा. शेवटचा टप्पा उद्या. नाही, परवा. बूट वाळायला हवेत.

खूप विचार केला. जिवंत माणसं तेइशिदोला जातात आणि परत येतात. मग हिनेच का राहायचं? दर्शन झालं की घरी न्यायची. ओर्तेन्सियाला सांगायची गरज नाही. मुद्दा बिनतोड आहे. डेल्मीराच्याही कानावर घातलं. ती काही बोलली नाही, म्हणजे मान्य.

३० नोव्हेंबर
पोचलो. सान आन्द्रेसच्या सणाची गर्दी. झऱ्यात पावाचा तुकडा टाकून इच्छा धरायची, तरंगला तर पुरी होते. माझा बुडाला. सेदेइराचे बेकरीवाले पाव नीट भाजत नाहीत. दुसरा टाकला. तोही त्याच बेकरीचा.

चर्चमध्ये 'इथे राहा' म्हणायचं असतं, ते म्हणालोच नाही. हळूच म्हटलं, पाच मिनिटांत बाहेर ये, मी दाराशी आहे. दाराशी अंधार पडेपर्यंत होतो. गर्दीत वेळ लागतोच.

१ डिसेंबर
परतीची बस. तिला चढ म्हणालो, खिडकीची जागा दिली. गळक्या छपराचं बोललो, घरभाड्याचं बोललो. मग मुद्दाम तिच्या आईला नावं ठेवली. त्यावर ती कधी गप्प बसली नाही. काही नाही. ती रुसली की मला कळतं. हे रुसणं नव्हतं.

फेरोलला बस भरली. टोपली घेतलेली एक म्हातारी माझ्यापाशी उभी राहिली. म्हणाली, इथे कोणी बसलंय का हो? मी त्या जागेकडे बराच वेळ बघत राहिलो. ती म्हणाली, अहो, पाय दुखतात माझे.

कोणी नाही, बसा, म्हणालो. आणि खिडकीकडे सरकलो.