थांबवलेला मान

बाबा,

काल काकांचा फोन आला होता. शिमगा जवळ आला की तो येतोच, पण या वेळी तुमचा धाकटा भाऊ फोनवर चक्क रडला. "मी हाय तोवर एकदा पालखी आपल्या दारात थांबू दे रे. ये, देवासमोर नारळ ठेव नि मोकळा हो." मी म्हटलं, "काका, उद्या सांगतो." दुबईत अल बर्शाच्या या फ्लॅटमध्ये बसून मी दिवसभर ऑफिसच्या लोकांना बिनदिक्कत नाही म्हणतो, पण काकांना म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून आधी तुमच्याशी बोलतोय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आहेत, की आता थोडं भांडलं तरी चालेल.

तुम्ही तेव्हा इकडच्या एका बांधकाम कंपनीत स्टोअरकीपर होतात. आई आणि मी शारजाला येण्याआधी तुम्ही दुबईतल्या सोनापूरच्या कामगार कॅम्पात राहायचात आणि तुमच्या खालच्या बंकवर आपल्याच गावच्या बौद्धवाडीतला एक सुतार झोपायचा. गावात तुम्ही दोघे कधी एका पंगतीला बसला नसतात, कॅम्पात तुमचं पातेलं एक होतं. आम्ही आल्यावरही दर शुक्रवारी तो आपल्याकडे जेवायला यायचा, मला "काय साहेब" म्हणायचा आणि कालवणात मीठ कमी आहे हे आईला तोंडावर सांगायचा. आई चिडायची आणि पुढच्या शुक्रवारी त्याच्यासाठी मूठभर तांदूळ जास्त टाकायची. मी सहावीत असताना तो साइटवर परांचीवरून पडला. शवपेटीसोबत कुणीतरी गावी जायला हवं होतं. तुम्ही रजा टाकलीत.

पुढचं मला काकांकडून कळलं, तुम्ही कधी बोलला नाहीत. शिमगा तोंडावर आला होता. देवळातून पालखी निघते तेव्हा पहिला खांदा आपल्या घराचा आणि पालखी पहिली थांबते ती आपल्या दारात, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा मान. तुम्ही मात्र त्या आठवड्यात बौद्धवाडीतल्या तिरडीला खांदा दिलात आणि त्याच्या म्हाताऱ्या आईच्या शेजारी बसून जेवलात. गावकीची बैठक बसली. आंघोळ करा, नारळ ठेवा, देवासमोर चूक झाली म्हणा आणि पालखी उचला, असं ठरलं. तुम्ही विचारलंत, "चूक काय ते कुणीतरी सांगा, मग नारळ ठेवतो." जात सगळ्यांच्या मनात होती, पण तोंडाने म्हणायला एकही जण तयार नव्हता. शेवटी गावकीचे प्रमुख, गावकर, म्हणाले, "मान काढला नाय, थांबवलाय. तू नायतर तुझा वारस येऊन चूक कबूल करील, त्या दिवशी परत." तुम्ही पालखी न बघताच दुबईचं विमान धरलंत.

दहावीत मला पहिल्या महायुद्धावर प्रोजेक्ट होतं. शाळेच्या लायब्ररीत मला एका इंग्लिश ड्यूकची हकिकत सापडली आणि मी घरी येईपर्यंत धावतच आलो. राणीचा नातू, बाप आधीच वारलेला, त्यामुळे जन्मतःच ड्यूक. सोळाव्या वर्षी त्याला जर्मनीत गादीवर बसवलं. बहीण इंग्लंडची राहिली, तो तिकडचा झाला. मग महायुद्ध पेटलं आणि तो जर्मन बाजूला जनरल. इंग्लंडने कायदा केला, त्याचं ड्यूकपद काढून घेतलं, पण कायद्यात एक दार उघडं ठेवलं. तुम्ही मासे साफ करत होतात. मी म्हटलं, "बाबा, इट्स जस्ट सस्पेंडेड. हिज फॅमिली कॅन अप्लाय."

तुमचे हात थांबले. "मग केला का कुणी अर्ज?"

"नो. नोबडी. टिल टुडे."

तुम्ही हसलात. कितीतरी महिन्यांनी हसलात. आई आतून म्हणाली, "हसा! त्याच्या घरच्यांना काय कमी? तिकडे भाऊजी दर शिमग्याला हात जोडून दारात उभे राहतात आणि पालखी त्यांच्या नाकासमोरून पुढे जाते. त्यांच्या लेकीच्या सोयरिकीत लोक तेच काढतात." तुमचं हसू गेलं. आई खोटं बोलत नव्हती. नकार तुमचा होता आणि तो निस्तरत होते काका. याचा मला आजही राग येतो, बाबा.

मला मात्र तुम्हाला खूश करायचं होतं. म्हणून म्हटलं, "सी, ही वॉज लाइक यू." तुम्ही विचारलंत, पुढे त्याचं काय झालं? मी सांगितलं. नाझींना जाऊन मिळाला. ते हरल्यावर खटला झाला, दंड झाला, होतं नव्हतं ते गेलं. म्हातारपणी इंग्लंडच्या नव्या राणीचा राज्याभिषेक त्याने म्हणे सिनेमा थेटरात बसून पाहिला. "तिकीट काढून?" तुम्ही विचारलंत. मग सुरी खाली ठेवून म्हणालात, "माझी नि त्याची बरोबरी परत करू नकोस. त्याचं काढलं ते योग्यच काढलं. त्याने कुणाला खांदा दिला?"

त्यानंतर या विषयावर तुम्ही बोलला नाहीत. दोन हजार तीनला शारजाच्या हॉस्पिटलमध्ये तुम्ही आम्हाला सोडून गेलात. तुमचा दहावा होतो न होतो तोच गावकरांचा निरोप आला की आता वारस तूच, तू आलास तरी चालेल. तेव्हापासून मी दर वर्षी रजा मिळत नाही असं सांगतो. रजा दर वर्षी मिळते.

आज ठरवलं आहे. काकांना फोन करून सांगणार, की मी येईन, सुताराच्या घरी आधी जाईन, पण नारळ ठेवणार नाही. काका परत रडतील. कदाचित पालखी दारात थांबलेली न बघताच ते हे जग सोडून जातील आणि ते पाप माझ्या माथी येईल, त्याला तुम्हीही काही करू शकत नाही. तुम्ही बरोबर होतात, यात मला तसूभर शंका नाही. पण ज्या सहजतेने तुम्ही तो मान सोडलात, ती मला नाही जमत. हे तुम्हाला समोर कधी सांगता आलं नसतं आणि आई वाचेल म्हणून हा कागदही मी आता फाडणार आहे. बाबा, मला तो मान अजून हवा आहे.