दिवेलागणीच्या आतल्या भाकरी

आई, तुला दिवस बुडाल्यावर दिसत नव्हतं. हे मला गेल्या आठवड्यात कळलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पांढरे झाले, सगळं गणगोत तुझ्या भाकरीची तारीफ करून थकलं, आणि एवढी मोठी गोष्ट मला कुणी सांगितली नाही. तुझ्या मांडीला मांडी लावून चुलीपुढे वाढलेली मी पोर. शेजारच्या घरात कुणाचं कुणाशी बिनसलंय हे नुसत्या भांड्यांच्या आवाजावरून ओळखते, अशी माझी ख्याती. आणि माझ्या स्वतःच्या आईचे डोळे मला ओळखता आले नाहीत. धक्का बसला, धक्का बसला म्हणतात तो हा असा असतो होय, असं मी उठताबसता स्वतःशीच म्हणते आहे.

कसं कळलं ते सांगते. वर्षभर झालं, संध्याकाळची मी अडखळत होते. जिन्यात पाय चुकला की सोसायटीच्या दिव्याला शिव्या द्यायची. बाजारात भाजीवाल्याच्या पाटीला पाय लागून वांगी रस्त्यावर गडगडली, तर उलट मीच त्याला झापलं, की माणसांनी चालायचं तरी कुठून. लेक म्हणाली, मोतीबिंदू असेल, दाखवून घे. म्हणून गेले. डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत बसवलं, पुन्हा पुन्हा बघितलं, आणि म्हणाले, मोतीबिंदू नाही, डोळ्याच्या आतला पडदा हळूहळू निकामी होतोय. आधी रात्रीचं दिसणं जातं, मग बाजूचं. ह्यावर खात्रीचं औषध नाही. आजार बहुतेक घराण्यातून येतो, एकाच घरात कुणाला लवकर, कुणाला उशिरा. मग त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या आईला रात्री नीट दिसायचं का?" मी ठणकावून म्हणाले, "दिसायचं की! माझी आई तर..." आणि पुढचं वाक्य तोंडातच राहिलं. तू रात्रीची काही करते आहेस, अशी एकही रात्र मला आठवेना. मी त्या स्टुलावर बसून आठवत राहिले, आणि डॉक्टर पुढचा पेशंट बोलवायचं सोडून माझ्याकडे बघत राहिले.

मला आठवत होती ती तुझी दिवेलागण. दिवा लागायच्या आत तवा उतरला पाहिजे, ही तुझी रीत. माहेराहून आणलेली. आजीनं, म्हणजे तुझ्या सासूनं, ती नुसती मान्य केली नाही, तर मिरवली. दुसऱ्यांच्या सुना भांडीकुंडी आणतात, आमचीनं रीत आणली, असं चारचौघींत सांगायची. बघता बघता आळीतल्या आणखी घरांनी ती उचलली. कुणीतरी तिच्यात लक्ष्मीही घातली. तिन्हीसांजेला तवा तापलेला असला की लक्ष्मीच्या पायाला चटका बसतो आणि ती उंबऱ्यावरूनच माघारी फिरते म्हणे. बायका हे तुलाच येऊन सांगायच्या आणि तू भाकरी थापता थापता 'व्हय व्हय' म्हणायचीस. तुला हसू कसं आवरत होतं, आई? की हसूच येत नव्हतं?

त्या रीतीवर आमचं अख्खं वर्ष फिरायचं. थंडीत दिवस भुर्रकन जातो. मी शाळेतून येते तर तू बाजरीचं पीठ काठवटीत घेऊन बसलेली, बाहेर अजून ऊन असतं आणि आत पहिली भाकरी निखाऱ्यापुढं उभी. भोगीच्या दिवशी तर तीळ लावलेल्या भाकरींचा वास दुपारभर अंगणात असायचा. मग रानातला शाळू निघायचा. नव्या पिठाची भाकरी पातळ, तव्याएवढी मोठी, पांढरीशुभ्र. उन्हाळ्यात उजेड रेंगाळायचा आणि तूही रेंगाळायचीस, मधेच गाणं म्हणायचीस, मला एखादी थापू द्यायचीस. पावसाळ्यात मात्र तुझा जीव टांगणीला. आमच्या जामखेडकडे पाऊस तो केवढा, पण आभाळ भरून आलं रे आलं की तू भर दुपारी चूल पेटवायचीस. जळण ओलं, पीठ जुनं झालेलं, भाकरी कडेनं चिरायची, म्हणून कढत पाण्यात पीठ मळून तू ती सांधत बसायचीस आणि दर दोन मिनिटांनी दाराकडे बघायचीस. मला वाटायचं, पावसाची वाट बघतेय. तू उजेड किती उरलाय ते बघत होतीस.

आणि मी काय केलं, तर तीच रीत जन्मभर पाळली. नगरला आले. आता स्टँडवर अहिल्यानगर लिहिलंय, पण कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो. शाळेच्या ऑफिसात नोकरी, घरी गॅस, डोक्यावर ट्यूबलाइट, तरी आल्या आल्या पर्स टाकून मी आधी परात ओढायची. माझे मालक गेले त्या वर्षी संध्याकाळ नुसती खायला उठायची. तेव्हा मला तुझ्या भाकरीनं तारलं. थापताना हाताखाली पीठ फिरायला लागलं, की जीव थाऱ्यावर यायचा. पाण्याचा हात फिरवून भाकरी उलटायची, ती टम्म फुगताना बघायची आणि मनात म्हणायचं, चला, आजचा दिवस उजेडात संपला. थंडीत बाजरी, उन्हाळ्यात ज्वारी, तुझ्यासारखंच. मी लेकीलाही दटावून ठेवलं होतं, तिन्हीसांजेला तवा नको. कारण विचारलं तर म्हणायची, रीत आहे.

डॉक्टरांकडून आले आणि मावशीला फोन लावला. तुझ्या माहेरचं एवढं एकच माणूस उरलंय. तिच्याशी बोलताना माझी जीभ अजून आपोआप गावाला जाते. म्हटलं, "मावशे, आईला रातचं दिसत न्हवतं का गं?"

तिकडं तिनं आधी कलकलणाऱ्या कोंबड्या हाकलल्या. मग म्हणाली, "कोन म्हनलं?"

"डॉक्टर म्हनले. मला बी तसंच झालंय."

"आगं माझे बाई!" म्हणाली आणि मग एकदम सगळं सांगत सुटली, जसं कुणीतरी विचारायचीच वाट बघत होती. "न्हवतं दिसत. न्हाती झाली तवापास्नं. तुझ्या बापाकडले बघाय येनार, तर आमच्या आईनं त्यांला दुपारचंच बोलीवलं. लगनाच्या आदल्या दिशी हिला कवळ्यात घिऊन सांगितलं, दिस बुडायच्या आत चुलीफुडून उठत जा. कुनी इचारलं तर म्हनायचं, आमच्याकडली रीत हाय. रीतीला कुनी इचारत न्हाई, का म्हून."

मी विचारलं, बाबांना माहीत होतं का. म्हणाली, "नवरा त्यो. कळलं आसंलच की. पन त्येनं तोंडातून सबूद काढला न्हाई, लई भला मानूस." आणि मग आवाज खाली आणून, "हे बघ, पोरीचं जमत आलंय न्हवं? आता कुठं बोलू नगं. झाकली मूठ सव्वा लाखाची. अक्षता पडू दी, मग बघू."

फोन ठेवला आणि मी ओट्याला टेकून उभीच राहिले. एकेक दिवस उलटा होऊन समोर यायला लागला. पाण्याचा तांब्या मी जागचा हलवला म्हणून तू मला मारलं होतंस, आठवतं? पाठीवर पाची बोटं. एवढ्याशा तांब्यासाठी! मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. लग्नाच्या वराती निघायच्या, आळीतल्या साऱ्या बायका नटून जायच्या आणि तुझं नेमकं डोकं दुखायचं. मला वाटायचं, हिला माणसांत मिसळायला नको, गर्वाची आहे. रानातून यायला उशीर झाला की तू माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायचीस. सगळ्या पोरींच्या आया पुढं पुढं चालायच्या, माझी एकटीची आई माझ्या खांद्यावर हात ठेवून. मी मान ताठ करून चालायची. तो हात लाडाचा होता की आधाराचा, हे आता मी कुणाला विचारू?

राग आला, आई. खोटं कशाला बोलू. भयंकर राग आला. सासरी लपवलंस ते समजू शकते, तेव्हाचे लोक, परत पाठवलं असतं. पण माझ्यापासून? मग तुझा तवा डोळ्यांपुढे आला. माझ्या पाठवणीच्या वेळी सगळ्यांनी स्टीलची भांडी दिली आणि तू हा काळा लोखंडी तवा माझ्या पिशवीत कोंबलास. मला लाज वाटली होती, नवी नवरी आणि तवा. तू म्हणालीस, "बाकी काय बी सोड, पन दिवा लागायच्या आत ह्यो उतरवीत जा." मी हसले होते. आता मला हसता येत नाही. तुला माहीत होतं, हे माझ्याही डोळ्यांत येऊ शकतं. तू मला रीत दिली नव्हतीस, माझी सोय करून ठेवली होतीस. तुझ्या आईनं तुझी केली, तशी तू माझी. हे लक्षात आलं तेव्हा मी खाली फरशीवर बसले आणि मोठ्यानं रडले.

आता पाळी माझी होती. लेक बँकेत आहे, श्रीरामपूरचं स्थळ, मुलगा चांगला, दोघं एकमेकांना पसंत, साखरपुड्याचं बोलणं चाललेलं. डॉक्टर म्हणाले होते, मुलीचेही डोळे तपासून घ्या. त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा दिवे लागून गेले होते आणि मी पिठाला हात लावला नव्हता. तिनं दारातूनच विचारलं, "आई, काय झालंय?" माझ्या घरात तिन्हीसांजेला भाकरी झालेली नाही म्हणजे कुणीतरी गेलं असणार, असंच तिला वाटलं. मी तिला सगळं सांगितलं. डॉक्टरांचं, तुझं, मावशीचं. ऐकून ती म्हणाली, "जिन्यातला दिवा मी लावून ठेवते रोज, तुझ्या लक्षात आलंय का?" मी म्हटलं, नाही. म्हणाली, "चार महिने झाले."

मग ती मोबाईल घेऊन उठली. मी विचारलं, कुणाला? म्हणाली, "त्याला सांगते." मी तिचा हात धरला. म्हटलं, "अगं, आधी तपासणी तर होऊ दे. चांगलं निघालं तर सांगायची गरजच पडणार नाही." ती माझ्याकडे बघत म्हणाली, "आणि वाईट निघालं तर तू सांगू देणार होतीस?" मी तिचा हात सोडला. तिनं माझ्यासमोर उभं राहून त्याला फोन केला, सरळ, न रडता, जसं कुणाला ट्रेनची वेळ सांगावी. तो म्हणाला, घरी बोलतो आणि कळवतो.

त्याला चार दिवस झाले. श्रीरामपूरहून फोन नाही. तपासणी पुढच्या आठवड्यात आहे. लेक डबा घेऊन जाते, येते, मोबाईल पालथा ठेवून जेवते. मी तिच्यासमोर ठाम असते, झालं ते बरं झालं म्हणते, ज्यांना नुसते डोळे बघायचेत त्यांना माणूस बघता येऊ नये काय, असं मोठमोठ्यानं बोलते. ती नुसती हं म्हणते. काल ती गॅलरीत कठड्याला धरून उभी होती, खाली रस्त्याकडे बघत, आणि मला तिची पाठ दिसत होती.

हे तुला पोचायचं नाही, आणि पोचलं असतं तरी तुला अक्षर येत नव्हतं. तुला चार शब्द सुनवायचे म्हणून मी लिहायला बसले होते, पण लिहिता लिहिता भलतंच मनात आलं. त्या संध्याकाळी लेक यायच्या आधी तू असतीस, तर मी आधी तुलाच विचारलं असतं, आई. आणि तू गप्प राहा म्हणाली असतीस, तर मी गप्प राहिले असते.